किलोच्या आतलं परत

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. शेवटचा रविवार. लातूर. आमच्या चर्चमधला हंगामाचा सण.

वजन: चारशे वीस ग्रॅम तूरडाळ.

हजर: मोठी माणसं सत्त्याऐंशी, मुलं सव्वीस, बाहेरगावचे पाहुणे चार. वेदीपाशी पाळकसाहेब. माईकपाशी चर्चच्या पंचांतले मुख्य, एल्डरसाहेब. पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी बायको, तिच्या पायाशी सतरंजीवर सोजरमावशी. काट्यापाशी मी.

डाळ माझी होती. तोलणाराही मीच होतो.

आकडा लाल अक्षरात उमटला. मी पिशवी उचलली आणि काही न बोलता बाजूला ठेवायला गेलो. एल्डरसाहेबांनी हात आडवा केला.

"मापाडी, आकडा राहिला की. दुसऱ्याचं वाचताना आवाज कसा खणखणीत असतो तुमचा."

लोक हसले. मीही हसलो. हसायला नको होतं.

मी आकडा वाचला. ते म्हणाले, माईक जवळ घ्या. मी माईक जवळ घेऊन पुन्हा वाचला. चारशे वीस ग्रॅम.

"आणि नियम काय आहे?"

नियम मला पाठ होता. नियम मीच केला होता. किलोच्या आतलं परत.

माझी पिशवी माझ्या हातात परत आली. ती घेऊन मी कुठं उभं राहायचं, ते मला कळेना.

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक घरात आलं की विश्वासी लोक त्यातलं पहिलं काहीतरी चर्चमध्ये आणतात. ज्वारी, तूर, भोपळा, कोंबडी, अंडी, ज्याचं जे असेल ते. प्रार्थना होते, मग लिलाव होतो, पैसा चर्चच्या कामाला जातो. आमच्या आज्यापासून हे चालत आलं आहे. पण तोलणं नव्हतं. तोलणं माझ्यापासून सुरू झालं.

मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहे. आडतीवर शेतकऱ्याचा माल येतो, हमाल पोती काट्यावर चढवतात, मी वजन सांगतो आणि लिहितो. अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या मापात खोट निघाली, असं कोणी शेतकरी किंवा व्यापारी म्हणाला नाही. याचा मला गर्व होता. गर्व हाच शब्द बरोबर आहे.

एका वर्षी एल्डरसाहेब म्हणाले, तुम्ही एवढे काट्याचे पक्के, सणाचं धान्य नीट तोलून का घेत नाही? कोणी किती दिलं, कळायला नको? मला आनंद झाला. त्यांच्या तोंडून आमच्या घरातल्या कोणाचं कौतुक, ही पहिलीच वेळ होती.

त्यांच्या आजोबांना गोऱ्या साहेबानं शिकवलं. ते मिशनच्या शाळेत मास्तर झाले. माझा आजा गावाबाहेरच्या वस्तीतला, मांगाचा. त्याचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी मास्तरांनी त्याला चर्चच्या पायरीखाली बसायला सांगितलं होतं. म्हणाले, आधी स्वच्छता शिका. आजा गावची वेस ओलांडून आला होता. इथं दुसरी वेस होती. वडील हे सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, तरी देव आतच होता. एल्डरसाहेब आजही आम्हाला "वस्तीकडचे" म्हणतात. आणि त्या माणसानं मला वेदीजवळ टेबल दिलं, वर पांढरं कापड घातलं, शेजारी माईक ठेवला.

मी आडतीवरून काटा आणायचो. दोनशे पानी वही आणायचो. मोंढ्यात पहिलं माप "लाभ" म्हणून मोजतात, एक म्हणत नाहीत. चर्चमध्ये मी पहिल्या मापाला "प्रभू" म्हणायचो. लोकांना आवडायचं. नाव, माल, वजन. एल्डरसाहेबांचं एक पोतं गहू, पूर्ण पन्नास किलो. हा आकडा मी जरा थांबून वाचायचो. वस्तीकडच्यांचं पटपट वाचून काढायचो.

तिसऱ्या वर्षी लहान लहान गाठोडी फार आली. काटा स्थिर व्हायला वेळ लागतो. पाच जणांचं मिळून तीन किलो भरेना. मीच पंचांच्या बैठकीत सुचवलं, किलोच्या आतलं परत करावं, पुढच्या वर्षी भरून आणावं. सगळ्यांनी मान्य केलं. गरीब विधवेनं दान म्हणून टाकलेल्या दोन नाण्यांवरचं प्रवचन आम्ही दरवर्षी ऐकत होतो. मीही ऐकत होतो. त्याच चर्चमध्ये, त्याच टेबलापाशी बसून.

त्या नियमाच्या पहिल्याच वर्षी सोजरमावशीची ज्वारी आली.

सोजरमावशी निलंग्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली. नात्यानं माझी कोणी नाही, सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही. नवरा नाही. दोन लेकरं होती, दोन्ही गेली. दुसऱ्याच्या रानात मजुरी करते. ज्वारी काढून झाली की मालकाला विचारून रानात गळालेली कणसं वेचते. त्याला सरवा म्हणतात. एकेक कणीस वाकून उचलायचं, घरी आणून बडवायचं, पाखडायचं. त्या सरव्याची ज्वारी तिनं फडक्यात बांधून आणली होती.

साडेआठशे ग्रॅम.

"मावशी, दीडशे कमी आहे. पुढच्या बारीला भरून आणा."

ती म्हणाली, "रान सपलं की बाबा. आता कुठून आणू?"

मागं कोणीतरी म्हणालं, दीडशे ग्रॅम खडे टाक की. हशा झाला. मी गाठोडं तिच्या हातात दिलं आणि पुढचं नाव पुकारलं. तिनं फडक्याची गाठ पुन्हा नीट मारली, मांडीवर ठेवली आणि लिलाव संपेपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. हे मला लिहावंच लागेल. काहीच वाटलं नाही.

पुढं दोन वर्षांनी आमच्यावर वेळ आली.

मुलगी अर्धापूरला दिली आहे. बायको तिच्याकडे गेली होती. ऑगस्ट महिना. सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात थांबला. मग तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं. जवळ म्हणून नांदेडला दवाखान्यात नेलं. सोळा दिवस तिथं. मुलगी रोज अर्धापूरहून डबा घेऊन यायची. मी वऱ्हांड्यात बसून राहायचो. मापाड्याला काट्यावर उभं राहिलं तर मजुरी, नाही तर नाही.

लातूरला परत आलो तेव्हा बायकोचा उजवा हात आणि पाय लुळा होता. बोलणं तुटक. आम्ही चर्चच्या कंपाउंडमधल्या खोलीत राहायचो. भाडं कमी होतं. खोल्या कोणाला द्यायच्या, हे एल्डरसाहेबांच्या हातात होतं.

पाळकसाहेब दोनदा भेटायला आले. एल्डरसाहेब एकदा आले. उंबऱ्यावर उभं राहून, बूट न काढता त्यांनी प्रार्थना केली. प्रार्थनेत म्हणाले, हे परमेश्वरा, या घरात जे लपलेलं आहे ते उघड कर.

मी डोळे मिटून आमेन म्हणालो. मग आठ दिवस शोधत बसलो, काय लपलेलं आहे. जुन्या वह्या काढल्या. दशांश, म्हणजे कमाईतला देवाचा दहावा हिस्सा, कुठल्या महिन्यात कमी दिला, उपास कधी मोडला. देव काहीतरी वसूल करतो आहे, आणि आकडा सापडला की तो थांबेल, असं मला वाटत होतं.

सप्टेंबरात सोजरमावशी आली. एसटीतून उतरून, डोक्यावर बोचकं घेऊन. कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, कळलं म्हणून आले. बोचक्यात ज्वारी होती. दोन दिवसांनी जाईल, असं मला वाटलं. एकेचाळीस दिवस राहिली. तिळाच्या तेलात लसूण तळून बायकोचा हात चोळायची. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून भरवायची. बायकोचं अंथरूण ओलं झालं तर मला उठू द्यायची नाही. म्हणायची, बाईमाणसाची लाज हाय, तू भाईर जा.

मी परत केलेल्या ज्वारीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही. मी रोज तिच्या हातच्या कण्या खात होतो.

एक दिवस मी वही घेऊन बसलो होतो. तिनं विचारलं, काय करायलास? मी सांगितलं, देवानं हे कशासाठी दिलं ते शोधतो आहे. कुठं कमी पडलो ते बघतो आहे.

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली.

"तू तागडी धरतूस म्हणून देवबी तागडीच धरून बसलाय व्हय रं?"

माझी बायको हसली. वारं गेल्यापासून पहिल्यांदा. अर्ध्या तोंडानं.

मग मावशी हात चोळता चोळता म्हणाली, "माझी दोन लेकरं गेली. म्याबी लई इचारलं त्याला, का म्हून. त्यानं काय सांगितलं न्हाई. पर त्यो उठून बी गेला न्हाई. माझ्याजवळच बसून राहिला."

एवढंच. प्रवचन नाही की वचन नाही. तिला वाचता येत नाही.

हे मी ऐकलं होतं. माझ्या घरात, माझ्या कानांनी. म्हणून फेब्रुवारीच्या त्या रविवारी मी जे केलं त्याला मला माफी नाही.

औषधपाण्यात सगळं गेलं होतं, सणाला घरात तेवढीच डाळ होती. पिशवी हातात परत आल्यावर एल्डरसाहेब मला म्हणाले, जाऊ नका, साक्ष द्या. देवाचं उणं ठेवलं की घरात काय होतं, ते लोकांना कळू द्या. त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "आमच्या घरात पाप होतं. देवानं ते दाखवून दिलं. माझ्या बायकोचा आजार ही त्याची शिक्षा आहे. आमच्यासाठी प्रार्थना करा."

शब्द एवढेच होते. पुढं मागं काही नाही.

लोक आमेन म्हणाले. मावशीनं मान खाली घातली. बायको माझ्याकडे बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला. तिनं तो डाव्या हातानं उचलून पदराखाली घेतला.

का बोललो? खोली जाईल म्हणून. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. दुसरं कारण जास्त लाजेचं आहे. शिक्षा म्हटलं की हिशेब जुळत होता. इकडं उणं, तिकडं आजार, खाली रेघ. हिशेब जुळला की मला बरं वाटतं. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी बायकोला सत्त्याऐंशी माणसांपुढे पापी केलं.

घरी आल्यावर मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं नाही. तिला एक वाक्य बोलायला तेव्हा वेळ लागायचा. मी ग्लास धरून उभा राहिलो.

"पाप... कोणतं?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं पुन्हा विचारलं.

"माझं... कोणतं?"

सव्वीस वर्षांचा संसार. मी आठवून पाहिलं. या बाईनं कोणाचं काही घेतलं नाही. घरी आलेल्याला जेवल्याशिवाय पाठवलं नाही. माझ्या आईचं तिनं सहा वर्षं केलं. मला एक पाप सापडलं नाही.

माझं मात्र लगेच सापडलं. साडेआठशे ग्रॅमचं. ते इतके दिवस माझ्या घरात कण्या शिजवत होतं आणि मी ते वहीत शोधत होतो.

मी तिच्यासमोर खाली बसलो. चुकलो म्हणालो. ती मान वळवून भिंतीकडे बघत राहिली. बरोबर केलं. मी माईकवर बोललो होतो, आता खोलीत हळू आवाजात चुकलो म्हणत होतो.

त्या वर्षभरात चमत्कार झाला नाही. हात अजून लुळाच आहे. पाय थोडा उचलते, काठी धरून मोरीपर्यंत जाते. विश्वासी लोक विचारतात, संकटात देवानं काय दाखवलं? त्यांना ऐकायचं असतं की हात उठला. हात उठला नाही.

मी हिशेबी माणूस आहे, जे दिसलं तेवढंच सांगतो. रोज सकाळी मोंढ्यात जाण्याआधी मी तिचा हात चोळत होतो. मावशीनं शिकवलं तसा, बोटांपासून खांद्याकडे. काही दिवस प्रार्थना केली, काही दिवस केली नाही, काही दिवस देवाला शिव्या दिल्या. ज्या दिवशी शिव्या दिल्या त्या दिवशीही तो त्या खोलीत होता. कसं कळलं, असं विचाराल. मला माहीत नाही. पण अठ्ठावीस वर्षं मी माणसं काट्याकडे बघताना पाहिली आहेत. वसुलीला आलेला माणूस कसा उभा राहतो ते मला कळतं. आमच्या खोलीत जो होता, तो तसा उभा नव्हता. तो बसला होता. मावशी बसायची तसा, भिंतीला टेकून, हातात तेलाची वाटी असल्यासारखा.

एवढी वर्षं मी देवाच्या नावानं काटा मांडला आणि देव काट्याच्या त्या बाजूला होता. रांगेत. फडक्यात गाठ मारून बसलेल्या बाईजवळ.

पुढचा फेब्रुवारी. पुन्हा शेवटचा रविवार. टेबल मांडलेलं, पांढरं कापड घातलेलं. काटा मी आणला नव्हता. एल्डरसाहेबांनी किराणा दुकानातून मागवून ठेवला होता. रांग लागली. पाचवी सोजरमावशी, हातात फडकं. सहावी वीटभट्टीवर काम करणारी एक बाई, नवी होती, हातात ओंजळभर वाळलेल्या मिरच्या. तिनं रांगेतून काट्याकडे पाहिलं आणि मिरच्या पदराखाली घेतल्या.

ती हालचाल मला माहीत होती. तसाच एक हात पदराखाली गेलेला मी पाहिला होता.

"चला मापाडी," एल्डरसाहेब म्हणाले. "प्रभूच्या नावानं सुरू करा."

मी काट्याची वायर काढली. काटा उचलला आणि चर्चच्या बाहेर, पायरीखाली नेऊन ठेवला. माझ्या आज्याला बसवलं होतं तिथं. परत आत आलो. पांढरं कापड टेबलावरून ओढून जमिनीवर पसरलं. मग माईक घेतला.

मी म्हणालो, "गेल्या वर्षी इथं उभा राहून मी सांगितलं की माझ्या बायकोचा आजार ही पापाची शिक्षा आहे. ते खोटं होतं. मी भिऊन बोललो. तिचं पाप नाही. पाप माझं आहे. सोजरमावशीची साडेआठशे ग्रॅम ज्वारी मी या टेबलावरून परत केली होती. सरव्याची ज्वारी. इथून पुढं मी इथं तोलणार नाही. ज्यानं जे आणलं ते या कापडावर टाका. खळ्यावर रास असते. काटा बाजारात असतो."

कोणी आमेन म्हणालं नाही.

एल्डरसाहेब माझ्याजवळ आले. माईक बाजूला सारला. हळू बोलले, पण पहिल्या दोन ओळींना ऐकू गेलं.

"मापाडी, खोली मिशनची आहे."

"हाव. माहीत आहे."

सोजरमावशी पुढं आली. गाठ सोडली, ज्वारी कापडावर ओतली, फडकं झटकलं. मग मागच्या बाईला म्हणाली, "टाक गं. लाजतीस काय, त्येच्याच रानातलं हाय." मिरच्या पडल्या. मग एक भोपळा. मग सहाजणांची तूर, कोणाची किती ते कळेनासं झालं. आठ-दहा जण आपलं आणलेलं घेऊन उठून गेले. एल्डरसाहेबांचं पोतं भिंतीला तसंच राहिलं, शिवलेलं.

बायको खुर्चीवर होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. उजवा हात पदराबाहेर होता.

आठव्या दिवशी खोली रिकामी करण्याची नोटीस आली. आम्ही आता मोंढ्याच्या मागं एका मुसलमान चाचांच्या घरात भाड्यानं राहतो. भाडं दुप्पट आहे, जिना नाही. चर्चला मी दर रविवारी जातो, शेवटच्या बाकावर बसतो. मला कोणी काढलेलं नाही आणि मी निघणार नाही. काटा पुन्हा आत आला तर पुन्हा उचलून पायरीखाली ठेवीन. जितक्यांदा येईल तितक्यांदा. बाजारात मी तोलीन, ते माझं पोट आहे. देवाच्या दारात आलेल्याचं मी तोलणार नाही आणि माझ्यादेखत कोणाला तोलू देणार नाही.

त्याच मार्चअखेर मी निलंग्याच्या रस्त्याला गेलो. सोजरमावशीला ज्वारी नेली. पायलीभर असेल. ती म्हणाली, माझी येवढी कुठं हुती? मी म्हणालो, मोजली नाही. ती म्हणाली, मापाडी बिघडला म्हणायचा, आणि ज्वारी ओतायला रिकामा डबा पुढं केला.

शेवटी कोणाला काय दिलं ते लिहून ठेवतो. खोलीचं भाडं मार्चअखेरपर्यंतचं, एक महिन्याचं, आठशे रुपये, कंपाउंडच्या खजिनदाराला. पावती घेतली. लाईटबिल वेगळं, तेही भरलं. सोजरमावशीला ज्वारी, पावती नाही. बायकोला भर सभेत एक कबुली दिली. त्यानं तिचं देणं फिटलेलं नाही, आणि ते फिटलं असं मी कधी म्हणणार नाही.